गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या मुलाची परीक्षा

"...आनि ह्यो जो तुझो लेकरू आज सात समुद्रापलीकडे चल्ललो आसा, तेच्या वाटेक कोण आडवो येव नये, आनि इलोच तर तेका थंयच आडवो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

अंगणात तुळशीसमोर हातात नारळ धरून आमचे बाबा ओरडत होते आणि मागे उभी असलेली सगळी वाडी होकार देत होती. बाबांच्या आवाजाबद्दल काय सांगू. कोरगावात त्यांनी गाऱ्हाणं घातलं की मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान आकाशात एक घिरटी जास्त घालतं, असं मी इकडे इंग्लंडात सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि दोघा-तिघांनी ते खरंही धरलंय. मी हात जोडून, मान खाली घालून उभा होतो. बाजूला माझी बॅग. आईने तिच्यात कोकमाची सोलं, उकडे तांदूळ आणि देव जाणे काय काय इतकं कोंबलं होतं की ती उचलताना आमच्या भावोजींच्या कमरेत उसण भरली. हे भावोजी म्हणजे शिरगावला दिलेल्या माझ्या बहिणीचे यजमान, वीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला गडी. खनिजाने भरलेला ट्रक परवडला, म्हणाले.

"तेका मोठो डॉक्टर कर," बाबा पुढे म्हणाले.

मी मान वर न करता पुटपुटलो, "नर्स, बाबा."

बाबांचा श्वास काही तुटला नाही. "डॉक्टर म्हण, नर्स म्हण, जां काय आसात तां मोठां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला आणि मी निघालो. ज्या कातळाच्या सड्यावर लहानपणी आम्ही करवंदं काढायला जायचो, त्याच सड्यावरून आता विमानं उडतात. खिडकीतून, म्हणजे आमच्या भाषेत जनेलातून, मी आमचं घर शोधलं. मला ते दिसलं, आई दारात उभी दिसली, तिच्या हातातलं सूपसुद्धा दिसलं. खरं सांगायचं तर माझी सीट पंखावर होती आणि पंखाशिवाय काहीच दिसत नव्हतं. पण आईला मी फोनवर सूप दिसल्याचं सांगितलं, आणि ती म्हणाली, होय रे, सूपच होतं.

तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांची मुलं आता नाताळच्या झाडाखाली बसून मराठीचे तुकडे मोडतात, त्यांच्यासाठी सांगतो. ज्याच्यावर संकट आहे तो हात जोडून गप्प उभा राहतो. त्याच्या वतीने एक जाणता माणूस देवाशी बोलतो, बाकीचे होय म्हणतात. संकटवाल्याने तोंड उघडायचं नसतं. आणि जाणत्यानेही संकटाचं नाव घ्यायचं नसतं. जी काय इडापिडा, जां काय वाकडां-तिकडां, असं म्हणायचं. देवाला कळतं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत हे असंच चालतं आणि त्याने माणसाला केवढा आधार वाटतो, ते पाठीमागून पन्नास गळे होय म्हणतात तेव्हाच कळतं.

आता हे सगळं माझ्या परीक्षेच्या आड कसं आलं, ते ऐका.

मी मानसिक आजाराच्या वॉर्डातला नर्स. तिकडे आम्हाला ब्रदर म्हणतात. नर्सिंगची चार वर्षं, मग मनोरुग्ण परिचर्येचा एका वर्षाचा डिप्लोमा, मग आठ वर्षं इस्पितळात. ब्रदर म्हणजे सगळं काही. गोळ्या ब्रदर, इंजेक्शन ब्रदर, केस कापायला न्हावी आला नाही तर ब्रदर, कॅरममध्ये भांडण झालं तर पंच ब्रदर, घरच्यांना पत्र लिहायला ब्रदर. एकदा एका पेशंटने मला लोकसभेला उभं राहायला सांगितलं होतं आणि वॉर्डातली सगळी मतं तो देणार होता. मी नाही म्हटलं, नाहीतर आज तुम्ही हे वाचत नसता, माझ्या गाडीच्या मागे धावत असता.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या गावात मी आलो तिथे पहिल्याच दिवशी कळलं की नर्स ही एक वस्तू नसून उतरंड आहे. गळ्यातल्या पट्टीचा रंग बघायचा आणि माणूस ओळखायचा. तळाशी मदतनीस. त्यावर नोंदणी झालेला नर्स, आणि त्यातही मानसिक आजारांचा नर्स वेगळा, त्याचं नोंदपुस्तकच वेगळं. त्याच्यावर लोकांच्या घरी जाऊन त्यांना सांभाळणारा. त्याच्यावर एकाच आजारात मुरलेला. आणि सगळ्यात वर तो, जो औषध लिहून देतो. होय, नर्स औषध लिहून देतो, स्वतःच्या सहीने. हे ऐकलं तेव्हा मी खुर्ची घट्ट धरली. तिकडे आम्ही डॉक्टरच्या पेनाला हात लावायलाही विचारत होतो.

आणि मी कुठे? तळाशी. इथल्या नर्सिंग परिषदेची परीक्षा पास होईपर्यंत मदतनीस. आठ वर्षं इंजेक्शनं दिलेला माणूस, इथे गोळ्यांच्या कपाटाची किल्लीही हातात धरायची नाही. पेशंटबरोबर बागेत चालायचं, चहा करायचा, दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे आहे त्याची कागदावर खूण करायची. मी इतका चहा केला की त्या गावच्या नदीचा रंग बदलला असता. घरी मात्र मी सांगितलं, सगळा वॉर्ड माझ्यावर आहे. आईने ते वाडीत सांगितलं, वाडीने कोरगावात, आणि कोरगावातून ते मांद्र्याला पोहोचेपर्यंत मी राणीला तपासून आलो होतो.

परीक्षेला तीन संधी. तिसऱ्यांदा गेली की अर्ज मिटला, इस्पितळाचा करार संपला, व्हिसा संपला, परत मोपाचा सडा. एवढं सरळ होतं सगळं.

परीक्षा अशी की एकामागून एक खोल्या. प्रत्येक खोलीत वेगळं काम आणि कोपऱ्यात गप्प बसलेला परीक्षक. पहिल्या खोलीत पेशंट, म्हणजे पेशंटचं सोंग घेतलेला नट. मला मिळाली एक म्हातारी. नवरा गेलेला, जेवण जात नाही, असं तिच्या कागदावर लिहिलेलं. मी नमस्कार केला, नाव विचारलं, बसलो. ती बोलेना. मान खाली, हात मांडीवर जोडलेले. ते जोडलेले हात मी बघितले आणि संपलं. माझ्या छातीत बाबा उभे राहिले. मी तिच्या वतीने सुरू झालो. तुम्हाला त्यांची आठवण येते, नाही का, घर खायला उठतं, चहाचे दोन कप काढता आणि एक परत ठेवता, रविवार संपता संपत नाही. असं बोललो मी की म्हातारीच्या डोळ्यात खरं पाणी आलं. परीक्षक नाक पुसत होता अशी माझी आठवण आहे, पण त्याला सर्दीही असेल. मी बाहेर आलो तो तरंगत. आजवर या खोलीत असा कोणी बोललाच नसेल, असं मला वाटलं.

नापास. कागदावर कारण दोन ओळींत होतं. उमेदवाराने पेशंटची कहाणी स्वतःच सांगितली. पेशंटला जीव द्यावासा वाटतो का, हे विचारलं नाही.

आमच्या वॉर्डची प्रमुख नर्स ब्रेंडा. तीस वर्षं याच कामात, आवाज बारीक आणि नजर अशी की दारं आपोआप लागतात. तिने तो कागद वाचला, मला चहा दिला (त्या देशात मला कोणी करून दिलेला पहिला चहा) आणि म्हणाली, तू छान बोलतोस, तीच तुझी अडचण आहे.

दुसऱ्या वेळी मी ओठ शिवून गेलो. एक तरुण मुलगा होता सोंगात. मी विचारायचो, तो सांगायचा, मी थांबायचो. सगळं नीट चाललं होतं. मग तो प्रश्न आला. विचारायचा म्हणजे तसाच, उघड, त्या शब्दांत. आणि माझ्या तोंडातून तो निघेना. आमच्या घरात दिवेलागणीला वाईट शब्द उच्चारला तर आई तोंडावर चापट मारायची. मी घसा साफ केला आणि त्या बिचाऱ्याला इंग्रजीत विचारलं, मनात काही वाकडंतिकडं येतं का? तो म्हणाला, कसलं वाकडं? मी म्हटलं, तेच, जे असतं ते. तो म्हणाला, असतं म्हणजे काय? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मला वाटतं, त्यालाच माझी काळजी वाटायला लागली.

पुन्हा नापास. घरी फोनवर मी सांगितलं, निकाल पुढे ढकललाय, इकडे बर्फ पडलाय. जून महिना होता. आई हो म्हणाली. बाबांनी मागून विचारलं, कोयता कुठे ठेवलाय.

आता एक गोष्ट जी मी विनोदाने सांगू शकत नाही. मी या कामात का आलो, याच्या सहा गोष्टी मी सहा जणांना सांगितल्या आहेत. नर्सिंग कॉलेजची बस घरासमोरून जायची, ही एक. वर्गात पन्नास मुली आणि चार मुलगे होते, ही दुसरी. सातवी कोणाला सांगितली नव्हती. ब्रेंडाला सांगितली.

आईचा मोठा भाऊ, भिकाजीमामा, आरोंद्याहून आमच्याकडे राहायला आला होता, मी बारावीत असताना. आधी खाणीवर होता, ते काम सुटलं, मग हळूहळू बोलणंही सुटलं. ओट्यावर बसायचा. पोदेर सकाळी पाव घेऊन आला की त्याच्या सायकलच्या भोंग्याकडे बघायचा, एवढंच. बाबांनी त्याच्यासाठी तीन वेळा गाऱ्हाणं घातलं. रीतीप्रमाणे सगळं केलं, कुठे कमी केलं नाही. ह्या माणसाच्या पाठीमागे जी काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा. सगळ्यांनी होय म्हटलं, मीही म्हटलं. मामा हात जोडून मधोमध उभा. तिसऱ्या गाऱ्हाण्यानंतर आम्ही सगळ्यांनी उसळ-पाव खाल्ला. मामाने मला विचारलं होतं, अभ्यास कसा चाललाय. मी सांगितलं, बरा चाललाय. मी त्याला उलट काही विचारलं नाही. आठ दिवसांनी एका सकाळी तो गेला. कसा गेला तो शब्द आमच्या घरात अजून कोणी उच्चारलेला नाही.

बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी त्यांच्याकडे होतं ते सगळं वापरलं. पन्नास माणसं एका माणसाच्या मागे उभी केली, हे इकडे कुठल्याही वॉर्डला जमत नाही. इकडे माणसाला प्रश्न विचारणारे असतात, पण तो घरी जातो तेव्हा दारात कोणी नसतं. आमच्याकडे दार भरलेलं असतं, पण प्रश्न विचारायला कोणी नाही. मी त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी, चहाचा ट्रे घेऊन.

ब्रेंडाने ऐकून घेतलं. सांत्वन केलं नाही. म्हणाली, "आता मला विचार."

"काय?"

"तोच प्रश्न. मला. आत्ता."

कॅन्टीनमध्ये दुपारची गर्दी, समोर बटाटे. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं. ती म्हणाली, नाही, आज नाही, विचारल्याबद्दल आभार. आणि बटाटे खायला लागली. मग म्हणाली की विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही. असतो तर असतो, नसतो तर नसतो. पण असला आणि कोणी विचारलं, तर तो माणूस त्याच्याबरोबर एकटा राहत नाही.

पुढचे सहा आठवडे मी सगळ्यांना विचारत सुटलो. आरशाला विचारलं. शेजारणीच्या मांजराला विचारलं, ते उठून गेलं. बस स्टॉपच्या खांबाला विचारताना एका बाईने ऐकलं आणि तिने मला स्वतःच्या पिशवीतला केक दिला. हे मात्र अगदी खरं आहे. माझ्याबरोबर काम करणारा केरळचा एक मुलगा मला बघितलं की लांबूनच ओरडायचा, मी बरा आहे, मी बरा आहे.

तिसऱ्या परीक्षेला खोलीत एक वयस्क माणूस होता. बुटांना चिखल लावून आलेला, शेतकऱ्याचं सोंग. हात मांडीवर, एकात एक. मी त्या हातांकडे बघितलं आणि या वेळी त्यांच्या वतीने बोललो नाही. झोप कशी, जेवण कसं, दिवस कसा जातो. मग, सरळ, त्या शब्दांत: "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

तो म्हणाला, येतो.

त्याच्या कागदावर तसं लिहिलेलं असणार, मला माहीत होतं. तरी मी खुर्ची थोडी पुढे ओढली. आणि थांबलो. कोपऱ्यातलं घड्याळ अशा आवाजात चालत होतं की बाबांनी त्याच्यापुढे हात टेकले असते. मग तो माणूस बोलायला लागला. कधीपासून, कसा, कोणाला सांगितलं नाही ते सगळं. मी मधेमधे फक्त पुढचा प्रश्न विचारला. काही ठरवलं आहे का. घरी कोण आहे. आज रात्री तुमच्याबरोबर कोणी असेल असं आपण बघू या का. बाहेर आलो तेव्हा तरंगत नव्हतो. पायऱ्यांवर बसून घरून आलेलं एक सोल तोंडात टाकलं आणि त्याचा आंबटपणा संपेपर्यंत बसून राहिलो.

निकाल यायला काही दिवस होते. त्या दिवसांत शिरगावहून बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, भावोजींची कंबर झाली, मग ती म्हणाली की बाबांना जरा समजाव. आमच्या घरामागे डोंगरावर काजूची झाडं आहेत, त्यांना आम्ही वरच्या काजी म्हणतो. मार्चपासून बोंडू वेचायचे, बिया वेगळ्या करायच्या, उन्हात वर-खाली करायचं, हे काम बाबांच्या गुडघ्यांना आता होत नाही. शेजारचा सावळाराम मी इकडे आल्यापासून मागे लागलाय की मी बघतो, वरच्या काजी मला मक्त्याने द्या. आणि बाबा दर वेळी त्याला एकच सांगतात, झिलाचो निकाल लागांदे.

"माझ्या निकालाचा आणि काजींचा काय संबंध?" मी विचारलं.

"माका काय ठाऊक," बहीण म्हणाली. "तू नापास झालंस काय आई रडता, आनि बाबा कोयतो घेवन वर जातत. दोन्ही खेपेक गेले. झाडी साफ करून इले."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जूनमधला बर्फसुद्धा.

आतापर्यंत घर म्हणजे मला ते अंगण वाटायचं, जिथे मी तोंड न उघडता उभा राहू शकतो आणि माझ्या वतीने दुसरं कोणीतरी देवाशी भांडतं. इकडे मला प्रत्येक गोष्ट स्वतः सांगावी लागते, उच्चारासकट. पण कोयता घेऊन डोंगर चढणारा माणूस मी कधी धरलाच नव्हता हिशेबात. बाबा माझ्यासाठी देवाकडे यश मागत होते ते खरंच. अख्ख्या कोरगावाने ते ऐकलंय. आणि त्याच वेळी, कोणाला ऐकू जाणार नाही असं, मी परत आलो तर माझ्यासाठी जागाही साफ करून ठेवत होते. परत जाण्याची वाट मोकळी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी इकडे असा जीव तोडून अभ्यास करत होतो जणू पाठीमागे कडा आहे. पाठीमागे काजी होत्या.

निकाल आला. पास. माझं नाव परिषदेच्या नोंदपुस्तकात, मानसिक आरोग्य नर्स या रकान्यात चढलं. ब्रेंडाने गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि हरवलीस तर मारीन, म्हणाली.

मी घरी फोन लावला. दुपार होती तिकडे, बाबांनीच उचलला. मी सुरू झालो. सांगितलं की सबंध इंग्लंडातून एवढे मार्क कोणाला पडले नव्हते, परीक्षक उठून उभा राहिला, ब्रेंडाने सगळ्या वॉर्डला केक वाटला, आता माझी पट्टी निळी, आता मी इथला पक्का, आणखी चार वर्षांनी स्वतःच्या सहीने औषध लिहीन. कोणता प्रश्न विचारून पास झालो ते मात्र सांगितलं नाही. बाबांनी मला एकदाही अडवलं नाही. मागे आईने कोणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं. मी बोलायचा थांबलो, आणि या वेळी मीही वाट बघितली.

"बरां झालां," बाबा म्हणाले. "मगे वरच्यो काजी औंदा सावळारामाक दितंय."